ओम्नीचं सरकतं दार, डावा रोलर आणि अकरा दिवस

"ड्रायव्हर साईड की क्लीनर साईड?" हा एवढा एक प्रश्न स्पेअर पार्टच्या दुकानातल्या त्या काउंटरवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारला असता, तर माझे अकरा दिवस वाचले असते. अजून आठवलं की डोकं फिरतं.

माझी गाडी मारुती ओम्नी, 2012 ची. गुहागर तालुक्यातल्या वाड्यांवर पहाटे पाव, बटर, टोस्ट पोचवतो. डावं दार रोज साठ-सत्तर वेळा उघडतं आणि तितक्याच वेळा मिटतं. एप्रिलमध्ये ते जड झालं. मे उजाडला तसं मागचं टोक खाली लोंबायला लागलं, आपटल्याशिवाय लॉक लागेना. गॅरेजवाल्याने दार उतरवणं, डेंटिंग, रंग असं सगळं धरून साडेचार हजार सांगितले. पत्र्याला साधा पोचाही नव्हता, मग डेंटिंग कशाला? तेव्हाच ठरवलं, घरीच करायचं.

दुखणं कुठे आहे ते शोधायला दोन मिनिटं लागतात. सरकतं दार तीन रोलरांवर चालतं. एक वर छताच्या कडेला, एक खाली पायरीच्या खाचेत आणि मधला बाहेरच्या बाजूने, मागच्या पत्र्यावर जी आडवी पट्टी दिसते त्या रेलमध्ये. दार अर्धं उघडायचं आणि मागच्या कडेला धरून वर उचलून बघायचं. खडखड करत वर-खाली झालं तर मधला रोलर गेला. पुढचा खालचा कोपरा आत-बाहेर हलला तर खालचा. माझ्या मधल्या रोलरचं नायलॉन एका बाजूने चपटं झालं होतं, खारकेच्या बी सारखं.

एक चूक लोक हमखास करतात. लॉक लागत नाही म्हणून खांबावरची खुंटी, म्हणजे जिच्यात दाराचं लॉक अडकतं ती, सैल करून खाली सरकवतात. लॉक लागतं, पण दार लटकलेलंच राहतं आणि महिन्याभरात पत्रा घासायला लागतो. आधी रोलर, मग खुंटी. रोलर बदलल्यावर मला खुंटीला हातही लावावा लागला नाही.

आता त्या दुकानाचं. चिपळूण आमच्यापासून एसटीने सव्वा तास. मी जाऊन सांगितलं, "ओम्नीच्या डाव्या दाराचा मधला रोलर, ब्रॅकेटसकट." त्याने मान वर न करता सीलबंद पाकीट टाकलं, साडेतीनशे घेतले. घरी येऊन फोडलं, तर रोलर धरणाऱ्या ब्रॅकेटचा बाक उलटा! आरशात बघावा तसा. ओम्नीला दोन्हीकडे सरकती दारं आहेत, त्यामुळे भागही डावा-उजवा असे जोडीने येतात. हा माणूस गाडीच्या समोर उभं राहून डावं-उजवं मोजत होता. गाडीचं डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर जे डावं ते, म्हणजेच क्लीनर साईड. हे रोज स्पेअर विकणाऱ्याला मी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी परत गेलो. "पाकीट फोडलंय, परत घेणार नाही. तुम्ही डावा मागितलात, डावा दिला." मी म्हटलं, भाऊ, बाहेर या, समोर एक ओम्नी उभी आहे, त्यावर हात ठेवून दाखवतो. आला नाही. "मागवून देतो, उद्या येईल."

ते उद्या सात दिवस चाललं. रोज दुपारी मी फोन करायचो, रोज तेच उत्तर. तोवर डावं दार सुंभाने आतून बांधलेलं, सगळे क्रेट उजव्या बाजूने काढायचे. अरुंद पाखाडीशी गाडी लावली की उजवीकडे गडगा, मग मागचा दरवाजा उघडून क्रेटवरून क्रेट ओढायचे. नववा दिवस उजाडला, पार्ट आला म्हणून फोन आला, गेलो, तर पुन्हा उजवाच. या वेळी काउंटरवरच पाकीट उघडून बघितलं आणि तिथेच ठेवून आलो.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. जुना रोलर ब्रॅकेटसकट काढला, कागदात गुंडाळला, अकराव्या दिवशी काउंटरवर ठेवला. आत माल लावणारा पोरगा होता, त्याने एकदा हातात धरून बघितला आणि मागच्या फळीवरून बरोबर जोडीचा काढून आणला. म्हणजे माल दुकानातच होता. अकरा दिवस! जुना भाग बरोबर न्या, ते जमत नसेल तर त्याचा फोटो न्या. तोंडी वर्णनावर काही विकत घेऊ नका.

बसवणं तासाभराचं काम. काढताना एक बोल्ट गंजून बसला होता. त्यावर जोर केला असता तर आटे गेले असते, म्हणून रात्रभर डिझेलचा बोळा लावून ठेवला, सकाळी गोटी पान्याने अलगद सुटला. सोडण्याआधी ब्रॅकेटच्या कडेने मार्करने रेघ मारून घ्या, नवा त्याच रेघेवर बसवता येतो. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर गोणपाट, आणि दार दोरीने धरून ठेवा, नाहीतर मधला सुटला की ते बाहेर फेकलं जातं. बरोबर एक माणूस हवाच. माझ्याबरोबर आमची ही होती. दोन्ही बोल्ट हाताने लावायचे, दार सरकवून बघायचं, फट वर-खाली सारखी दिसली की मगच आवळायचं.

आणि ग्रीस. मी वर्षानुवर्षं रेलमध्ये बोटभर ग्रीस भरत आलो. आमच्याकडच्या लाल धुळीत त्याचं लुकण होतं, आणि तेच लुकण रोलर खातं. आता रेल डिझेलच्या फडक्याने पुसतो, साबणाच्या पाण्याने धुतो, कोरडी करून सिलिकॉन स्प्रेचा हलका हात देतो. दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर रविवारी. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती खराट्याच्या हिराने मोकळी करा. ती बुजली की दार आतून कुजतं.

नवा रोलर बसवल्यावर पहिल्या दिवशी वाडीतल्या काकी म्हणाल्या, "आज गाडी आली ते कळलंच नाही, दार आपटलं नाही ना." दोन बोटांनी ढकललं होतं मी. इतकं बरं वाटलं!

परत न घेतलेला तो उजवा रोलर सीटखाली जपून ठेवलाय. काल उजवं दार उचलून बघितलं. तेही जरासं वर-खाली होतंय.