बडोद्याहून एस्टोनिया: तीन देश एका दमात नकोत

एस्टोनियाची लोकसंख्या 14 लाखांच्या आत. 2011च्या जनगणनेत एकटं बडोदे शहर 16 लाखांच्या पुढे होतं. देश एवढासा म्हटल्यावर टूरवाले लॅटव्हिया-लिथुआनियाही त्याच आठवड्यात कोंबतात. एस्टोनियाची राजधानी टालिन ते लॅटव्हियाची रिगा सुमारे 310 किलोमीटर, रिगा ते लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस जवळपास तितकंच. दर टप्प्याला बसचे चार-साडेचार तास, वर हॉटेल सोडा-धरा, की दिवस संपला. पाच रात्री असतील तर एस्टोनियाच बघा.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसात गोंधळ होतो तो अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावरून. विमान फिनलंडमधल्या हेलसिंकीला उतरतं, तिथे दोन रात्री, मग बोटीने टालिनला चार रात्री: मुक्काम जास्त तिथे, म्हणून अर्ज एस्टोनियाकडे. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश. अर्ज सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. मे-जूनसाठी फेब्रुवारी-मार्चलाच हात घाला. फी 90 युरो, नकार आला तरी परत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा, आणि त्याच्या तारखांत पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी.

फराळाच्या पिशवीतून तूप, पनीर, श्रीखंड आधी काढा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. केसर आंबे आणि ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. तेलावरचे ठेपले चालतात; चिवडा मात्र बटाट्याच्या ओलसर लिलो चिवड्यापेक्षा सुका न्यावा. तिथे शाकाहाऱ्याचा आधार म्हणजे काळा राय पाव, दुकानातला चॉकलेट लावलेला ताज्या चक्क्याचा कोहुके, आणि भाजलेल्या धान्य-वाटाण्याचं कामा पीठ. आपल्या सातूसारखं, ताकात कालवून खायचं.

निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरू करा. आपल्याकडे बहुतेकदा दोन्ही बंदच असतात, आणि यूपीआयच्या भरवशावर तिथे राहता येत नाही.

टालिनच्या जुन्या शहराला दीड दिवस पुरतो. गोटे बसवलेल्या चढाच्या गल्ल्यांत बॅगेची चाकं मोडतात, म्हणून खोली तटाबाहेर, ट्रामजवळ घ्या. टाऊन हॉलच्या चौकातलं औषधांचं दुकान 1422पासून नोंदीत आहे. ते बघाच, पण जेवायला चौकात बसू नका, तिथे भाव चढे.

उरलेला वेळ लाहेमा राष्ट्रीय उद्यानाला द्या. टालिनपासून 50 किलोमीटरवरच्या विरू दलदलीत फळ्यांची वाट आणि मधोमध मनोरा आहे. फळ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात, चपला नकोत. वाट सोडून शेवाळावर पाय ठेवला तर तो खाली जातो. जूनमध्ये डासांचं मलम हवंच. बसच्या फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी लिहून घ्या.

23 आणि 24 जूनला सार्वजनिक सुट्टी असते. लोक गावाकडे निघून जातात आणि शहरातली बरीच रेस्टॉरंटं बंद राहतात. त्या दोन दिवसांचं खाणं 22 तारखेलाच भरून ठेवा.