एकच मोदक
आज गणेश चतुर्थीच्या दिवशी केळीच्या पानावर बसल्यावर मी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी संपवली, वरणभाताची लहानशी मूद घेतली आणि शेवटी तुपाची धार सोडलेला एकच उकडीचा मोदक सावकाश खाल्ला. "अहो, गूळ चालतो मधुमेहाला," असा मावशींचा आग्रह याही वर्षी झालाच. परंतु गूळ म्हणजेही साखरच, शिवाय पारी तांदळाच्या पिठाची, हे त्यांना कोण सांगणार? दुपारी आडवे होण्याऐवजी अर्धा तास चालून आलो. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर रक्तातील साखर १६८ दिसली. डॉक्टरांनी १८० च्या आत राहण्यास सांगितले आहे. गेल्या वर्षी पाच मोदकांनंतर २६० आले होते, आणि ते मी घरात कोणालाही सांगितले नव्हते.