टीव्हीतलीच ॲप्स वापरावीत की वेगळा बॉक्स जोडावा?

दुकानात साधा टीव्ही आता शोधूनही क्वचितच सापडतो. त्यामुळे ठरवायचं उरतं ते एवढंच, की ॲप्स टीव्हीतच चालवायची की एचडीएमआयला स्टिक किंवा बॉक्स लावून. माझं मत स्पष्ट आहे: पैसे पॅनेलवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर घाला, ॲप्सचं काम बॉक्सकडे सोपवा.

चांगलं पॅनेल आठ-दहा वर्षं टिकतं, आतलं हार्डवेअर तितकं पुरत नाही. स्वस्त टीव्हीत बऱ्याचदा १ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज असतं, त्यातलाही मोठा भाग सिस्टिमच व्यापते. ॲप्स दर अपडेटला जड होत जातात. मग रिमोटचं बटण दाबल्यावर वाट पाहावी लागते, ॲप मध्येच बंद पडतं. चित्र उत्तम असताना एवढ्यासाठी टीव्ही बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. नवीन टीव्हीत २ जीबी किंवा जास्त रॅम असेल, तर मात्र बॉक्सची घाई करू नका. फायबर कनेक्शनसोबत सेट-टॉप बॉक्स आला असेल, तर आधी तोच लावून पाहा.

बॉक्स घेताना ‘फोर-के’ या छापील शब्दावर जाऊ नका. व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून ॲप्स ‘वाइडवाइन’ ही संरक्षण-व्यवस्था वापरतात; तिची सर्वात वरची पातळी एल१, सर्वात खालची एल३. निनावी अँड्रॉइड बॉक्समध्ये बहुधा वाइडवाइन एल३ असतं, आणि त्यावर नेटफ्लिक्स ४८०पीच्या वर जात नाही. एचडीसाठी एल१ हवं, शिवाय त्या ॲपची त्या मॉडेलला मान्यताही हवी. फायर टीव्ही स्टिक किंवा ॲपल टीव्हीत ही अडचण येत नाही.

जोडताना सर्वाधिक गडबड विजेची होते. टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलीॲम्पियरच मिळतात, स्टिकला साधारण १ ॲम्पियर लागतो. म्हणून ती मधूनमधून आपोआप रिस्टार्ट होते आणि लोक स्टिकला दोष देतात. सोबतचा ॲडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. टीव्हीच्या पाठीमागे वाय-फाय कमी पडत असेल, तर डब्यातली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर लावून स्टिक थोडी बाहेर काढा.

फोर-के एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) दिसत नसेल, तर पोर्टची सेटिंग बघा: सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’. साउंडबार ‘एआरसी’ लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) पोर्टलाच जोडा, स्टिक दुसऱ्या पोर्टला. एकाच रिमोटवर सगळं चालवायचं तर सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना आज्ञा देऊ देणारी सोय, सुरू करा. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’.