खुमजुंगच्या कपाटातला यती

नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुमजुंग गावातील गोंपातल्या, म्हणजे बौद्ध मठातल्या, त्या कपाटाची किल्ली ज्या आजींकडे असते, त्या आम्ही पोहोचलो तेव्हा शेतात होत्या. ऑक्टोबर संपत आला होता आणि हिवाळ्यासाठी बटाटे जमिनीत खड्डे करून पुरून ठेवण्याचे काम गावात चालू होते. आमचा वाटाड्या त्यांना बोलवायला गेला आणि मी व माझी पत्नी गोंपाच्या पायरीवर बसून राहिलो. ३७९० मीटर उंचीवर नुसते बसण्यानेही दम लागतो, हे सह्याद्रीतले गड चढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कबूल करणे जड जाते. पण तसे झाले खरे. समोर दगडी बांधांनी आखलेली वावरे, हिरव्या पत्र्यांची घरे आणि या सगळ्यांच्या डोक्यावर खुंबिला हा ५७६१ मीटर उंचीचा कातळ होता. खुंबिला म्हणजे या खोऱ्याचा ग्रामदैवत-पर्वत असल्यामुळे त्याच्या माथ्यावर पाय ठेवण्याचा विचारही शेर्पा करत नाहीत, आणि ज्यांनी जगातील सर्वांत उंच शिखरावर शेकडो परक्यांना पोहोचवले त्यांनी हा एक डोंगर मुद्दाम सोडून दिला, ही गोष्ट मला फार आवडली.

अर्ध्या तासाने आजी आल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या पुढवस्त्राला मातीचे हात पुसत त्यांनी कुलूप काढले, बुद्धमूर्तीला वाकून नमस्कार केला आणि मगच आम्हाला जवळ बोलावले. आत काचेआड ठेवलेली वस्तू पाहून पहिल्या क्षणी मला अर्धवट सोललेल्या नारळाची आठवण झाली. तसाच निमुळता आकार, तसाच तांबूस-तपकिरी रंग, आणि काथ्यासारखे राठ, विरळ झालेले केस. मधोमध पुढून मागे एक उंचवटा गेलेला आणि त्याच्यावरचे केस जरा उभे. तिला यतीची कवटी म्हणण्याची पद्धत असली तरी हाड तिच्यात नाही. ती डोक्यावरच्या कातड्याची टोपी आहे. मी दानपेटीत पैसे टाकले आणि बराच वेळ पाहत उभा राहिलो, कारण या टोपीसाठीच मी इथवर आलो होतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत जाण्याची माझ्या गुडघ्यांची तयारी नव्हती आणि खरे सांगायचे तर मनाचीही नव्हती.

इथवर येण्याची हकिकत सगळ्यांचीच सारखी असते, म्हणून थोडक्यात सांगतो. गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथलीहून सुटतात, त्यामुळे मध्यरात्री उठून गाडीचा प्रवास, मग ढगांमुळे एक दिवस तिथेच मुक्काम, मग लुक्ल्याची ती चढावरची आखूड धावपट्टी आणि तिथून दोन दिवसांत ३४४० मीटरवरचे नामचे बाजार. वाटाड्या थामे गावचा तरुण होता. तो मला ‘सर’ म्हणे आणि पत्नीला ‘दिदी’, आणि आमच्याशी हिंदीत बोले. नामच्यात पहिल्या संध्याकाळी मी त्याला यतीविषयी विचारले तेव्हा त्याने आधी माझा उच्चार दुरुस्त केला. शेर्पा माणूस ‘यती’ म्हणत नाही, तो ‘ये-ते’ म्हणतो. हे ऐकून पत्नीला हसू आवरेना. मराठी बाई घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. आणि ज्याच्या मागे जग गेली शंभर वर्षे धावत आहे, जो नेहमी नुकताच निघून गेलेला असतो आणि मागे फक्त पावले ठेवतो, त्या प्राण्याचे नावही हेच असावे, याची तिला मोठी मौज वाटली. आपल्याकडे रूढ झालेल्या ‘यती’ शब्दातही गंमत आहेच, कारण यती म्हणजे संन्यासी, आणि या प्राण्याचे एका तपस्व्याशी असलेले नाते पुढे पांगबोच्यात कळायचे होते.

‘हिममानव’ हा आपला दुसरा शब्द मात्र एका चुकीच्या पोटी जन्मला आहे. १९२१मध्ये एव्हरेस्टच्या पहिल्या टेहळणी मोहिमेचे नेते चार्ल्स हॉवर्ड-बरी यांना तिबेटच्या बाजूला ल्हाकपा ला या खिंडीजवळ बर्फात मोठी पावले दिसली. ती लांडग्याची असावीत, असे त्यांचे स्वतःचे मत होते. हमालांनी मात्र वेगळे नाव घेतले. परतलेल्या हमालांशी बोलून कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी त्या नावातील ‘मेतोह’चा अर्थ घाणेरडा असा लावला, त्यापुढे हिमातला माणूस जोडला आणि इंग्रजीत एक किळसवाणा हिममानव तयार झाला. वास्तविक तो शब्द माणूस आणि अस्वल या दोहोंना जोडणारा असावा, असे जाणकार सांगतात. शिवाय शेर्पांच्या समजुतीत हा प्राणी बर्फात राहतच नाही. तो रानात, गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या वरच्या पट्ट्यात राहतो आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे असेल तेव्हाच बर्फ तुडवतो. म्हणजे नाव, स्वभाव आणि पत्ता, तिन्ही चुकीचे घेऊन पुढची कित्येक वर्षे मोहिमा निघत राहिल्या.

लहानपणी एका मासिकात मी पाहिलेले छायाचित्र १९५१चे होते. एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड या गिर्यारोहकांना मेनलुंग हिमनदीवर पावलांची रांग दिसली, त्यातील एका ठशाशेजारी त्यांनी मापासाठी बर्फाची कुऱ्हाड ठेवली आणि फोटो काढला. रुंद पाऊल, सुटा दिसणारा जाड अंगठा. त्या फोटोने माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी खाल्ली होती. पुढे वाचनात आले की उन्हाने बर्फ वितळले की कोल्ह्याची लहान पावलेही पसरून एकमेकांत मिसळतात आणि राक्षसी दिसू लागतात. हे दाखवून देणाऱ्यांत एडमंड हिलरी यांची १९६०-६१ची मोहीम होती, आणि खुमजुंगच्या या टोपीचा जगप्रवासही त्याच मोहिमेने घडवला.

हिलरींना टोपी तपासणीसाठी परदेशी न्यायची होती. गाव सहजासहजी तयार झाले नाही. अखेर ठरावीक मुदतीच्या बोलीवर ती द्यायची आणि सोबत गावातले एक मानकरी, खुंजो चुंबी, यांनी जायचे, असे ठरले. गावचा देव दुसऱ्या गावच्या जत्रेला न्यायचा तर पुजारी बरोबर जातो, तसेच हे. शिकागो, पॅरिस, लंडन अशी वारी झाली. तज्ज्ञांचा निष्कर्ष असा निघाला की हे कातडे सेरो नावाच्या, शेळी आणि हरीण यांच्यामधल्या वाटणाऱ्या रानटी प्राण्याचे असून ते साच्यावर ताणून टोपीसारखे घडवलेले आहे. हिलरींच्या लोकांनी सेरोच्या कातड्याची तशीच टोपी स्वतः बनवूनही पाहिली होती. नेपाळीत सेरोला ‘थार’ म्हणतात आणि इंग्रजीत ज्याला ‘ताहर’ म्हणतात त्या प्राण्याला नेपाळीत ‘झारल’. या घोळामुळे वाटाड्या आणि मी दोन दिवस वेगवेगळ्या प्राण्यांविषयी बोलत होतो. झारल आम्हाला गावाच्या वरच्या उतारावर दिसले, थार दिसला नाही.

निकाल असा स्पष्ट लागूनही टोपी गावात परत आली, पुन्हा कपाटात गेली, कुलूप लागले. याला कोणी शेर्पांचा भोळेपणा म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. आपल्याकडे शेंदूर फासलेल्या तांदळ्यासमोर उभे राहून हा बेसाल्ट की ग्रॅनाइट, असे कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर गुरव बेसाल्ट म्हणून मोकळा होईल आणि आरतीची तयारी करू लागेल. टोपी खरी की खोटी हा प्रश्न बाहेरून आलेला आहे. आजींना मी वाटाड्यामार्फत विचारले, की ही थारच्या कातड्याची आहे असे म्हणतात ते खरे का. त्या म्हणाल्या की असेल, आणि काच पुसू लागल्या. गोंपापासून जवळच ती शाळा आहे, जी हिलरींनी १९६१मध्ये गावाला उभारून दिली. यतीच्या शोधाला निघालेल्या त्या मोहिमेतून टिकाऊ असे काय निघाले, तर मधल्या सुट्टीत धूळ उडवत पळणारी ही मुले.

वाटाड्याच्या गोष्टींकडे वळतो, कारण मला त्या टोपीपेक्षाही जिवंत वाटल्या. त्याच्या आजीच्या सांगण्यानुसार ये-ते तीन प्रकारचे. याकवर हल्ला करणारा, अस्वलासारखा झु-ते, माणसाएवढा मि-ते, आणि लहानखुरा थेल्मा. मादीचे स्तन इतके लांब की पळताना ती ते खांद्यांवरून मागे टाकते. म्हणून ती मागे लागली तर उताराकडे धावावे, म्हणजे ओणवी झाल्यावर ते पुढे येऊन तिची अडचण होते. नर असेल तरी उतारच बरा, कारण त्याच्या डोक्यावरचे केस डोळ्यांवर येतात. आणखी एका गोष्टीत ये-तेंचा कळप पिकांची नासाडी करत असतो. गावकरी त्यांना दिसेल अशा जागी जमतात, छांग ही घरगुती दारू पितात आणि लाकडी तलवारींनी लुटुपुटूची मारामारी करतात. मग छांगचे हंडे आणि खऱ्या धारदार तलवारी तिथेच ठेवून निघून जातात. रात्री ये-ते येतात, पितात, माणसांची नक्कल करतात आणि आपसांत कापले जातात. वाटाड्याने ही गोष्ट हसत सांगितली नाही. या गोष्टीत अधिक पशू कोण, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण मी तो बोललो नाही. गोक्योच्या खोऱ्यातील माछेर्मो येथे १९७४मध्ये याक राखणाऱ्या एका तरुणीवर ये-तेने हल्ला केला आणि याक मारले, ही हकिकत मात्र तो बातमी सांगावी तशी सांगत होता. याक मेले, हे तिथे महत्त्वाचे. उंच कुरणात एकट्या राहणाऱ्या गुराख्याला ज्याची भीती वाटते, त्याला नाव हवेच.

पुढे तेंगबोच्यावरून आम्ही पांगबोचेला गेलो. वरच्या गावातला गोंपा खुंबू या एव्हरेस्टच्या परिसरातील सर्वांत जुना, सतराव्या शतकातला मानतात. त्याचे संस्थापक लामा सांगवा दोर्जे यांनी आपले केस कापून उधळले आणि त्यातून भोवतीची धूपीची (ज्युनिपरची) झाडे उगवली, असे सांगतात. हेच लामा गुहेत ध्यानाला बसले असता एक ये-ते त्यांना अन्नपाणी आणून देत असे. तो मेल्यावर त्यांनी त्याचा हात आणि डोक्याचे कातडे जपून ठेवले. यतीच्या सेवेत यती, असे मी पत्नीला म्हणालो, पण ती धाप लागल्यामुळे हसली नाही.

त्या हाताची कथा दुर्दैवी आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासचे धनाढ्य टॉम स्लिक यांच्या पैशावर आलेल्या पीटर बर्न यांनी त्यातील बोटाचे हाड काढून घेतले आणि जागी माणसाचे हाड बसवले. हॉलिवूडचा अभिनेता जेम्स स्टुअर्ट आणि त्याची पत्नी ग्लोरिया यांनी ते आपल्या सामानातून लंडनला पोहोचवले. २०११मध्ये एडिंबरात डीएनए तपासणी झाली तेव्हा ते बोट माणसाचेच निघाले. दरम्यान १९९०च्या दशकात हात आणि टोपी दोन्ही चोरीला गेली. आता गोंपात आहेत त्या प्रतिकृती, २०११मध्ये न्यूझीलंडचे वैमानिक माइक ऑलसॉप यांनी आणून दिलेल्या. म्हणजे माणसाच्या हाताची, यतीचा म्हणून, चित्रपटांचे साहित्य बनवणाऱ्या कार्यशाळेत घडवलेली नक्कल काचेत ठेवलेली आहे आणि तिच्यासमोर दिवा आहे. मी दिव्याकडे पाहून हात जोडले. नेमके कशाला जोडले, ते विचारू नये.

लॉजवर पत्र्याच्या शेगडीभोवती रात्री गप्पा झाल्या. शेगडीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळत होत्या. अमेरिकेतील ओरेगॉनचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले की त्यांच्याकडचा बिगफूट १९५८मध्ये कॅलिफोर्नियातील रस्त्याच्या कामावर उमटलेल्या पावलांमुळे वर्तमानपत्रांत गाजला आणि २००२मध्ये एका ठेकेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी लाकडी पावले काढून दाखवली. तरी शोधणारे कमी झाले नाहीत. मी त्यांना आपल्या सैन्याच्या अधिकृत खात्यावरून एप्रिल २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मकालूच्या तळाजवळच्या ३२ इंच लांबीच्या पावलांविषयी सांगितले. दोघांनाही बरे वाटले. २०१७मध्ये शास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले होते. आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. हे मी वाटाड्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “हाँ सर, झु-ते तो भालू ही है. दादी भी यही बोलती थी.”

परतताना फोर्त्सेमार्गे पुन्हा खुमजुंगला एक रात्र राहिलो. आजींच्या घरी बटाट्याची धिरडी, म्हणजे रिकिकुर, त्यावर लोणी आणि लाल मिरचीची चटणी असे जेवण झाले. घिरट्या घालणारे ढग खुंबिलाचा माथा झाकत होते. सकाळी निघताना पत्नीने सवयीने हात जोडले आणि म्हणाली, “येते हं, आजी.” आजी एकदम थांबल्या, खिडकीकडे पाहिले आणि वाटाड्याला काहीतरी विचारले. तो हसू दाबत आमच्याकडे वळला.

“दिदी, पूछ रही हैं, कब?”