पाच दिवस वाळूत, आणि 21 वेळा उचललेली बाईक

आधीच सांगते, मी जिंकले बिंकले नाहीये. पाच दिवसांची डेझर्ट रॅली होती, निकालाची यादी खालून वाचली तर माझं नाव लवकर सापडेल, पण पूर्ण केली. त्यात बाईक 21 वेळा पडली, म्हणजे 21 वेळा उचलली पण, आणि खरं सांगायचं तर माझी रेस चालवण्याची नव्हतीच, उचलण्याची होती. हे आधी कोणी सांगितलं असतं तर तयारी वेगळी केली असती, म्हणून लिहितेय.

तयारी करताना डोक्यात लाया सांझ होती, स्पेनची बाईक रेसर. 2015 च्या डाकारमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या डेझर्ट रॅलीत, ती बाईकवाल्यांत नववी आली, नुसत्या बायकांत नाही, सगळे पुरुष धरून. ते बघून मी काय शिकले, तर स्पीड वाढवायचा! अगं बाई, ती आधी कित्येक वेळा ट्रायल्सची (दगडधोंड्यांवरून पाय न टेकता बाईक चालवायचा खेळ) वर्ल्ड चॅम्पियन झालेली, तिचा पाया बॅलन्सचा, ते सोयीस्करपणे विसरले. रॅलीची 450 सीसीची बाईक पूर्ण पेट्रोल भरलं की दीडशे किलोच्या वर जाते आणि मी 56 किलोची.

पहिला दिवस बरा गेला, चारदाच पडले. दुसऱ्या दिवशी मऊ ड्यून्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, सुरू झाल्या आणि तिथे 11 वेळा. चढताना अर्ध्यात भीती वाटते, हात आपोआप थ्रॉटल सोडतो, आणि तिथेच पुढचं चाक रुततं. पहिल्या दोन-तीन वेळा मी घाईघाईत, इंजिन गरम, मी त्याहून गरम, सरळ हँडल धरून ओढायला लागले आणि पाठ गेलीच समजा. मग मागून आलेला एक रायडर थांबला, त्याने बाईकला हातही लावला नाही, फक्त म्हणाला आधी पाणी पी, मग चाकं उताराकडे कर. तर पद्धत अशी: इंजिन बंद, दोन मिनिटं श्वास, बाईक आडवी असतानाच ओढून चाकं उताराच्या बाजूला फिरवायची, मग पाठीने नाही तर मांड्यांनी उचलायची. अर्धं वजन उतारच उचलून देतो. मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं असेल तर थ्रॉटल देत बसू नका, खड्डा खोल होतो आणि क्लच जळतो. बाईक कुशीवर आडवी पाडा, चाकाच्या खड्ड्यात पायाने वाळू लोटा, उभी करा आणि निघा. मुद्दाम पाडायची म्हटल्यावर जीवावर येतं पण करा.

आणि थांबायचंच असेल तर चढावर नाही, माथ्यावर किंवा उताराकडे तोंड करून. पण माथ्यावरून फुल स्पीडने उडी नको, पलीकडे काय आहे ते दिसत नाही. दुपारी तर सावल्याच नसतात, सगळं एकसारखं पिवळं दिसतं, खड्डा आणि चढ यातला फरक पुढचं चाक सांगतं.

नेव्हिगेशनचं थोडक्यात, कारण त्यावर मी अजून शिकतेच आहे. रोडबुकमध्ये (रस्त्याच्या खुणा आणि धोके लिहिलेली वही) एक उद्गारचिन्ह दिसलं तर सावध, तीन दिसली तर खरंच हळू, हिरोगिरी नको. दुसऱ्यांच्या चाकोऱ्यांमागे जाऊ नका, तिसऱ्या दिवशी मी सहा किलोमीटर गेले, पुढे चारजण एकमेकांना विचारत उभे. चुकलं असं वाटलं की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत, तिथे कॅप (होकायंत्राची दिशा) बघा, मगच पुढे.

आता जे पुरुष सांगत नाहीत ते. लघवीला जावं लागेल म्हणून मी पहिल्या दिवशी पाणी कमी प्यायले, संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली आणि दुसऱ्या दिवशीच्या 11 मधल्या निम्म्या वेळा तरी त्यामुळेच पडले असं माझं मत आहे. तीन लिटरची पाण्याची बॅग पाठीला असते ती प्यायलाच असते. ड्यूनच्या आडोशाला जायचं, लाजायचं नाही, गॉगलमध्ये वाळू गेलेल्या माणसाला काही दिसत नसतं. नी ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) पँटच्या आत आणि पँट चटकन खाली होते का, हे घरीच पूर्ण गिअर घालून करून बघा, मी नव्हतं बघितलं. तिसऱ्या दिवशी पाळी आली. कप नेला होता पण हात धुवायला पाणी कुठून आणणार, शेवटी पॅडच वापरले, ओले वाइप्स आणि झिपवाली पिशवी जॅकेटच्या खिशात ठेवा, कॅम्पमधल्या बॅगेत असून उपयोग नाही.

बाईक आपल्या वजनाला सेट करून घ्या हे पण. माझ्या बाईकचं सस्पेन्शन जड रायडरचं होतं, माझ्या वजनाने मागचं खाली दबायचंच नाही, पाय टेकायची बोंब. तिसऱ्या रात्री मेकॅनिकने स्प्रिंग बदलली, सीटचा फोम थोडा कापला, आणि मग तीन, दोन, एक असं पडणं कमी होत गेलं (तिसऱ्या दिवसाचे तीन मात्र स्प्रिंगच्या आधीचे, ते पाणी पिण्याचे श्रेय).

शेवटच्या दिवशीचं पडणं फिनिशपासून दोनशे मीटरवर, सपाट जमिनीवर, हात दाखवायच्या नादात. उचलायला दोघंतिघं धावत आले, त्यांना म्हटलं थांबा, इंजिन बंद करू दे आधी.