पाणी नितळ होतं, तरी मासे गुदमरत होते
आज सकाळी लेकीनं हाक मारली, बाबा गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडमीट करतायत, बघतो तर खरंच, आणि पाणी मात्र काचेसारखं नितळ. टेस्ट किटमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं, न दिसणारं विष) १ पीपीएम, जो शून्य हवा. टाकी लावून जेमतेम ९ दिवस झालेत, आणि अमोनियाचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात नीट वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, दुकानात हे कुणी सांगायलाच हवं होतं राव. लगेच अर्धं पाणी बदललं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून अँटीक्लोरीन टाकून, खाणं आज बंद. स्पंजला हात लावला नाही. संध्याकाळी ०.५ आलं. सहाही जण पोहतायत, उद्या उठल्याउठल्या परत टेस्ट.