कापसाचा हिशेब आणि बी.एड.ची वही

रविवार, रात्री

आज वर्ध्याला संपर्कसत्र झालं. विषय होता कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण घेऊन तिच्यावर उपाय करून बघायचा आणि ते लिहायचं. मार्गदर्शक मॅडमनी एकेकाला उठवून विचारलं, तर बहुतेकांनी हस्ताक्षर सुधारणा, पाढे पाठांतर, शुद्धलेखन असे विषय सांगितले. विषय चांगलेच आहेत. पण त्यांच्या जुन्या फायली सहज मिळतात आणि शाळेचं नाव बदललं की काम भागतं. चहाच्या सुट्टीत एकीनं मलाही अशी फाइल देऊ केली. तिला माझी धावपळ दिसते, म्हणून आपुलकीनंच म्हणाली. मी नको म्हटलं. मुक्त विद्यापीठाचं हे बी.एड. मी रविवार आणि सुट्ट्या घालून करते आहे. भलत्याच शाळेतल्या लेकरांचे गुण माझ्या वहीत उतरवायचे तर एवढी यातायात कशाला? विषयासाठी पुढच्या सत्रापर्यंत मुदत मागून घेतली.

परतीच्या एसटीत गावच्या एक काकू शेजारी बसल्या. "नोकरी तं लागली न मॅडम, मंग आता काहून शिकता?" हा प्रश्न मला घरीदारी सगळे विचारतात. मी म्हटलं, "काकू, वर्गात जे समजत नाही तेच समजून घ्याले जातो." त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण पिशवीतली बोरं मात्र त्यांनी माझ्या ओंजळीत घातली.

खरं सांगायचं तर डी.एड. करताना मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या, मुलांच्या विचारांच्या वाढीच्या चारही अवस्था मी वयोगटांसकट पाठ केल्या होत्या. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, त्यावरचे प्रश्न बरोबर आले, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून नोकरीही लागली. पण तेव्हा समोर मूल नव्हतं. आता रात्री जे वाचते, ते खरं की खोटं हे सकाळी वर्गात कळतं. नोकरी करता करता शिकावं, असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच.

मंगळवार

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली की आमची हजेरी घसरते. माय पहाटेच वावरात जाते, मग लहान भावंड सांभाळायला कोणीतरी घरी लागतं. थोडी मोठी मुलं मायसोबतच जातात, जमेल तेवढं वेचतात, धुऱ्यावर बसून भाकर खातात. फोन केले, घरोघरी फिरून आले, काही आली, काही नाही.

चौथीतला एक मुलगा बऱ्याच दिवसांनी आज वर्गात दिसला. बोटांच्या टोकांना बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांचे ओरखडे होते. दोन अंकी गुणाकार चालू होता. फळ्यावर 23 गुणिले 12 दिलं. त्यानं वहीत 23 दुणे 46 लिहिलं, खाली 23 एके 23 लिहिलं, एकाखाली एक सरळ, एक घर डावीकडे न सरकवता. बेरीज 69. असं उत्तर दरवर्षी दहा ठिकाणी दिसतं. एरवी मी "खाली शून्य मांड" म्हणून पुढे गेले असते. आज त्याची बोटं बघून वेगळंच विचारलं.

"मायनं 23 किलो वेचला, भाव 12 रुपये. चुकारा किती?"

त्यानं वर बघितलं, ओठ हलवले. "विसाचे दोनशे चाळीस, तीनचे छत्तीस. दोनशे शहात्तर, मॅडम."

"आणि वहीत?"

वहीकडे बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे तं गणित हाये न मॅडम. ते तं हिशेब हाये."

रात्री जेवण झाल्यावरही हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. कागद घेऊन बसले. त्यानं 23 फोडून 20 आणि 3 केले. आपली उभी मांडणी 12 ला फोडते, 10 आणि 2. तत्त्व अगदी एकच आहे. वितरणाचा जो गुणधर्म मोठ्या वर्गांत नाव देऊन शिकवतात, तो हे नऊ वर्षांचं लेकरू बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे मोजून घेताना वापरतं. त्याच्या तोंडी हिशेबात दहाला जागा आहे, वहीतल्या मांडणीत मात्र त्याला दहा दिसतच नाही, तिथे नुसता "एक" दिसतो. आणि शून्य मांडायचं ते मॅडम सांगतात म्हणून.

आमच्या संदर्भ वाचनात ब्राझीलचा एक अभ्यास आहे. रेसिफे शहरातली, रस्त्यावर नारळ-फळं विकणारी पाच मुलं. 1985 साली तो प्रसिद्ध झाला. ठेल्यावर गिऱ्हाईक होऊन विचारलं तेव्हा त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा 37 टक्के. पहिल्या वेळी वाचलं तेव्हा परीक्षेसाठी आकडे अधोरेखित केले होते. आज ती मुलं ओळखीची वाटली.

विषय मिळाला.

बुधवार

मधल्या सुट्टीत सरांना सांगितलं. आमची शाळा द्विशिक्षकी, मी आणि सर. सरांच्या नोकरीची अजून आठ वर्षं आहेत. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावीच लागेल. तेव्हापासून आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत चहापेक्षा टीईटीच जास्त उकळते. सरांनी नोव्हेंबरात पेपर दिला. 150 पैकी 90 लागतात, राखीव प्रवर्गाला 55 टक्के. निकाल यायचा आहे. पण खिचडी वाटून झाली की सर अजूनही पुस्तक उघडतात, आणि मी माझं.

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर पात्रता सिद्ध करायला सांगितलं, हे त्यांना लागलं आहे. मलाही ते दुखतं. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखाली वाचायला शिकली. तरीही सर अभ्यास मन लावून करतात हे मी रोज बघते. बालविकास व अध्यापनशास्त्राच्या तीस गुणांसाठी आम्ही एकमेकांना प्रश्न विचारतो. त्यांना पारिभाषिक शब्द आठवत नाहीत, पण प्रत्येक शब्दाचं एक जिवंत उदाहरण ते देतात, गावातलं, नावानिशी. मला शब्द येतात. अशी आमची जोडी.

आज अक्षय्यतेवर अडलो. वस्तूचा आकार बदलला तरी तिचं प्रमाण तेवढंच राहतं, ही समज. पियाजेच्या मते पदार्थाच्या प्रमाणाची समज साधारण सातव्या-आठव्या वर्षी येते आणि वजनाची नवव्या-दहाव्या वर्षी. सर म्हणाले, "आपल्या पोरायले विचारून पाहू न." सासूबाईंनी वातीसाठी दिलेला कापूस पिशवीत होताच. दुसरीतल्या मुलांसमोर दोन सारखे पुंजके ठेवले. एक बोटांनी पिंजून फुगवला, दुसरा मुठीत गच्च दाबला. "आता जड कोणता?"

दोघांनी फुगलेल्याकडे बोट दाखवलं. एक मुलगी मात्र लगेच म्हणाली, "दोनी सारखेच. दाबल्यानं किलो थोडीच वाढते? माहे बाबा गाठोडं पायानं दाबते, काट्यावर तितकंच भरते." आणि थोडं थांबून, "पण दवाचा कापूस जास्त भरते."

सात वर्षांची आहे ती! सर तर खुर्चीवरून उठलेच. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांवर असा अभ्यास झाला होता, 1969 सालचा. मातीत हात घालून वाढलेल्या त्या मुलांना मातीच्या गोळ्याची अक्षय्यता त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगली समजत होती. एका मुलीच्या उत्तरावरून मी काही सिद्ध करू शकत नाही, हे मला कळतं. पण वयोगटाचा तक्ता आता मी नुसता पाठ म्हणून वाचू शकणार नाही.

गुरुवार, मार्गशीर्षातला

घट मांडला, पोथी वाचली, शाळा केली, संध्याकाळी हळदीकुंकवाला पाच घरं. अभ्यासाला बसायला दहा वाजले. घरातल्यांनी भांडी आवरून मला खोली मोकळी करून दिली, त्याचं मोल मोठं आहे.

आज "वर्धा योजना" वाचली, गांधीजींची हातच्या कामातून शिक्षण देण्याची योजना, तीच नई तालीम. पुस्तकात दीड पान. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष, मग झाकीर हुसेन समिती. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषा माध्यम, हस्तोद्योग केंद्रस्थानी, आणि त्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. परीक्षेला टीप लिहा, म्हणून येते. ज्या जिल्ह्यात मी शिकवते तिथेच हे सगळं ठरलं. सेवाग्रामला नई तालीमची आनंद निकेतन शाळा आजही चालते, मुलं तिथे भाजी लावतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित-विज्ञान शिकतात. आणि आम्ही जिल्ह्यातले शिक्षक मात्र ते टीप म्हणून पाठ करतो, हे मला आज फार खुपलं.

पण चौथा मुद्दा मला पटत नाही, आणि तो मी उत्तरपत्रिकेतही तसाच लिहिणार आहे. मुलांच्या हातच्या कामातून पगार काढायचा म्हटलं की मूल आधी मजूर होतं, मग विद्यार्थी. हे मला पुस्तकातून सांगायला नको, मंगळवारी त्या बोटांवर मी ते पाहिलं. वेचणीतून हिशेब येतो म्हणून लेकराला वेचणीला पाठवणं बरोबर ठरत नाही. कायदाही 2016 च्या दुरुस्तीनंतर हेच म्हणतो: 14 वर्षांखालच्या मुलानं घरच्या कामाला हात लावायचा तो शाळेची वेळ सोडून. पण जे मूल तो हिशेब घेऊन वर्गात आलंच आहे, त्याला "तुला गुणाकार येत नाही" असा शेरा देणं हाही अन्यायच. या दोन्ही गोष्टी मला एकत्र धरायच्या आहेत. माझ्या प्रस्तावनेत हे आलंच पाहिजे.

शनिवार

सकाळची शाळा. दुपारभर कृतिसंशोधनाचा आराखडा लिहिला.

समस्या: चौथीच्या मुलांना दोन अंकी गुणाकाराच्या उभ्या मांडणीत स्थानिक किंमत समजत नाही. कार्यवाही: मुलांची तोंडी पद्धत आधी फळ्यावर जशीच्या तशी लिहायची, 20 चे 240, 3 चे 36. मग चौकोनी खाने करून दोन्ही संख्या फोडायच्या, 20 आणि 3, 10 आणि 2, चार खान्यांत चार गुणाकार: 200, 40, 30, 6. त्यानंतरच उभी मांडणी, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ कोणत्या खान्यांतून आली हे मुलांनी स्वतः दाखवायचं. शून्य का मांडायचं हे मला सांगावंच लागू नये, असा प्रयत्न.

पूर्वचाचणीवर सरांनी एक चांगली शंका काढली. आधी तोंडी विचारलं आणि मग तीच उदाहरणं कागदावर दिली, तर उत्तर लक्षात राहून कागदावरचं बरोबर येईल. म्हणून निम्म्या मुलांना आधी तोंडी, निम्म्यांना आधी लेखी, आणि आकडे थोडे बदलून. दुसरी शंका माझी: सगळीच मुलं कापसाच्या घरची नाहीत. एकाचं किराणा दुकान आहे, एकीच्या घरी दूध घालतात. त्यांना दूध-साखरेचे भाव विचारायचे. जी अजून वावरातच आहेत त्यांच्यासाठी सर उद्या सकाळी वस्तीवर जाणार, पालकांशी ते बोलले की फरक पडतो.

सोमवारी पहिल्या तासाला चाचणी. प्रश्नांच्या चिठ्ठ्या सासूबाईंनी कापून दिल्या, आकडे मी घातले. मार्गदर्शक मॅडमना विषय फोनवर कळवला. त्या म्हणाल्या, अशी फाइल तयार मिळणार नाही हं, सगळं स्वतः लिहावं लागेल. मी हो म्हटलं.